वायरीचं माहेर

खिडकीच्या गजाला हात लावल्याशिवाय तो कुठल्याच मशीनला हात लावायचा नाही. सकाळी आला की आधी गज. चहा पिऊन उठला की परत गज. कुणाशी दोन शब्द बोलून कामाकडं वळला की पुन्हा गज. गल्लीतल्या बायकांना वाटलं, याचा काहीतरी नवस आहे. एका गुरुवारी कुणीतरी त्या गजाला झेंडूचा हार घालून गेली. त्यानं हार काढला नाही. हाराच्या खालचा गज धरायला लागला.

मी विचारलं, "कोन्त्या देवाचं करायलास रे?"

"देवाचं न्हाई मावशी. मानसाच्या अंगात करंट साठतो. तो लोखंडाला देऊन टाकायचा, मंग मशीनला शिवायचं. न्हाईतर मशीन मरतं."

"माझ्या बी अंगात हाय का?"

"तुमच्या लय हाय," तो म्हणाला. "सगळी गल्ली सांगती."

आमचं घर मानवतला, मोंढ्याकडं, धान्याच्या बाजाराकडं, जाणाऱ्या रस्त्यावर. पुढची खोली रस्त्याला लागून आहे. माझे मालक वारल्यावर ती मी भाड्यानं दिली आणि मधल्या खोलीत शिलाई मशीन टाकून ब्लाऊज शिवायला बसले. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार. ते कधी लावलंच नाही. तो तिकडं त्याचं काम करायचा, मी इकडं माझं. नऊ वर्षं असं चाललं. त्यामुळं चौथी शिकलेल्या बाईला कॉम्प्युटरमधलं जेवढं कळायला नको तेवढं मला कळतं.

तो पिंगळीचा. वय तेव्हा पन्नासच्या पुढं. लग्न झालेलं नव्हतं, घरी म्हातारी आई. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर आले तसा तिकडं वळला. लोक त्याला इंजिनिअर म्हणायचे. त्याला ते खपायचं नाही. "मी जोडारी हाय," म्हणायचा. "आयटीआयचं सर्टिफिकेट हाय माझ्याकडं, जोडारीचं. जोडणं येतं मला. बाकीचं तुमी म्हणता ते मला येत न्हाई."

मशीन उघडण्याआधी तो त्याचा वास घ्यायचा. झाकणाला नाक लावून, डोळे मिटून. मग मालकाला सांगायचा, "तुमच्या घरात कुणीतरी मशीनपाशी बसून बिड्या वढतंय." किंवा, "हे सैपाकघराच्या भिंतीला ठिवलेलं हाय." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एकाला त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्या मशीनवर मांजर झोपतं. तो म्हणाला, आमच्याकडं मांजरच नाही. चार दिवसांनी तोच माणूस येऊन सांगून गेला, शेजारचं येतं म्हणून.

गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. मशीन ताब्यात घेताना म्हणायचा, "आजपातुर एक बी मशीन माझ्या हातनं जळालं न्हाई." फुशारकीनं नाही म्हणायचा. पत्ता सांगावा तसं सांगायचा.

आता वायरीचं.

त्याच्याकडं माल यायचा हैदराबादहून. वर्षातून दोनदा तो रेल्वेनं जायचा आणि जुन्या बाजारातून सप्लायचे डबे पोत्यात भरून आणायचा. सप्लायचा डबा म्हणजे भिंतीतला करंट घेऊन मशीनच्या एकेका भागाला त्याला झेपेल तेवढाच देणारा डबा. पंगतीतला वाढपी म्हणा. साध्या डब्यांच्या वायरी त्यांच्या पोटातूनच निघालेल्या असतात, तोडल्याशिवाय सुटत नाहीत. पण हा जे भारी डबे आणायचा त्यांच्या वायरी दोन्ही टोकांनी सुट्या व्हायच्या. एक टोक डब्यात, दुसरं टोक मशीनच्या भागात. भानगड सगळी तिथंच होती.

एकदा मोंढ्यातल्या एका अडतीवरचा मुनीम आला. त्याला नुसती एक वायर पाहिजे होती. समोर वायरींची गाठोडी लटकत होती आणि हा म्हणत होता, देत नाही.

"अहो, मी माझी मापून आणली. ही बघा, तोंड सेम हाय. बसती का न्हाई?"

"बसती."

"मंग?"

"बसणं येगळं, जमणं येगळं. शेजाऱ्याची चप्पल बी तुमच्या पायात बसती."

मुनीम चिडला. "एवढा पसारा लटकवलाय तो काय आरती करायला?"

"डबा घेऊन या," हा म्हणाला. "डबा कोन्त्या घरचा हाय ते बघतो, मंग वायर देतो. डब्याबिगर वायर देणार न्हाई. तुमी दुसरीकडून घेतली तर तुमची मर्जी. पण जळाल्यावर वास मला येणार हाय, रस्ता एकच हाय."

तो गेल्यावर मी म्हणाले, "गिऱ्हाईक असं हाकलतेत का? वायर ती वायर."

तेव्हा त्यानं मला समजावून सांगितलं. दोन वायरी घेऊन माझ्या शिलाई मशीनपाशी आला आणि एकेक टोक माझ्या हातात दिलं.

"हे बघा, हे सासरकडचं टोक. हे डिस्कमंदी जातं, सगळी माहिती जिच्यात साठती तिच्यात. सासरकडं सगळ्यांना सारखंच ऱ्हावं लागतं. कुठल्या बी घरची वायर असू द्या, हे टोक सारखं. आता हे दुसरं. हे माहेरकडचं, डब्यात जाणारं. हे दिसायला सारखं हाय, बसतं बी. पण आतली रीत ज्या त्या घरची. एकाच्यात पहिल्या भोकात पाचचा करंट, दुसऱ्याच्यात त्याच भोकात बाराचा. तुमी एका घरची वायर दुसऱ्या घरच्या डब्याला लावली तर पाच खाणाऱ्याच्या ताटात बारा पडतो. मरतंय ते."

"मंग कंपनीवाल्यांना सारखं करता येत न्हाई का?"

"सासरकडचं करता येतं, कारण तिथं दुसऱ्याचा कायदा. माहेरात कोण कुणाचं ऐकतंय? म्हून वायर हातात घेतली की आधी तिला माहेर इचारायचं."

मी टोक त्याच्या हातात परत दिलं. म्हणाले, वायरीला कसलं आलंय माहेर. पण ते डोक्यात राहिलं. माझं माहेर सोनपेठकडं, गोदावरीच्या काठाला. पंधराव्या वर्षी या घरात आले. आम्ही तिघी जावा, तिघींचा पदर डोक्यावर सारखाच, तिघी एकाच वेळी उठायच्या. कुणाच्या घरी भाकरीच्या पिठात मीठ घालायची रीत होती, कुणाच्या नव्हती, हे सासूनं कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. हा माणूस वायरींना विचारत बसला होता.

गल्लीतले लोक म्हणायचे, वायरींच्या सोयरिकी जमवतोय, स्वतःची जमंना. मी त्याला तोंडावर विचारलं होतं, लग्न का केलं नाही म्हणून. तो म्हणाला, "माझं तोंड जुन्या पद्धतीचं हाय मावशी. आता बाजारात त्याची जोडी निघत न्हाई." मी म्हणाले, बरं झालं, एक बाई वाचली. तो हसला. तो हसला की आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे.

एका डब्याच्या वायरी दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून त्याला पिशव्या पाहिजे होत्या. चिठ्ठ्या चिकटवून झाल्या होत्या, त्या उन्हाळ्यात सुटून पडायच्या. मग त्यानं माझ्याकडं ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांची मागणी केली. मी चौदा पिशव्या शिवल्या, प्रत्येक वेगळ्या कापडाची. हिरव्या खणाची एक, लाल ठिपक्यांची एक, पिवळी, जांभळी, अशा. त्याच कापडाची एकेक चिंधी त्यानं त्या त्या डब्याला गाठ मारून बांधली. हिरव्या चिंधीच्या डब्याला हिरव्या पिशवीतलीच वायर. त्याच्यानंतर तो चिठ्ठी बघायचा नाही, कापड बघायचा. आधी प्रत्येक वायर लावताना मीटरनं मोजायचा, दोन काड्या लावून. हळूहळू ते मोजणंही कमी झालं. म्हणायचा, "मावशीच्या कापडावर मीटरपेक्षा जास्ती भरवसा हाय."

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी त्याची आई आजारी पडली म्हणून तो आठ दिवस पिंगळीला गेला. खोलीची किल्ली माझ्याकडं. सणाचं घर धुवायला काढलं होतं, म्हणून मी ती खोलीही उघडली. पिशव्यांना वास मारत होता. आत बघितलं तर उंदराच्या लेंड्या. मी चौदाच्या चौदा पिशव्या रिकाम्या केल्या आणि धुवायला घेतल्या.

वायरी मी बाजेवर ओळीनं मांडल्या. चौदा ढीग. पहिला हिरवीचा, दुसरा लाल ठिपक्यांचा, तिसरा पिवळीचा. लिहून ठेवलं नाही. गल्लीतल्या पन्नास बायकांचं माप मला तोंडपाठ असायचं. कुणाचा दंड किती, कुणाची पाठ किती, कुणाचा गळा मागून खोल. वहीत एक ओळ नाही. हे मी सगळ्यांना सांगत फिरायची. शिकलेल्या सुना वहीत बघून शिवतात, मी डोक्यात बघून शिवते, असं.

पिशव्या दोरीवर वाळत होत्या तेव्हा माझी धाकटी जाऊ आली. "काय बाई, साप पसरल्यावानी पसरलंय," म्हणाली आणि बसायला जागा पाहिजे म्हणून बाजेच्या कडेचे दोन ढीग हातानं उचलून उशाशी टाकले. मी आतून चहा घेऊन आले तेव्हा ती बसलेली होती आणि ते दोन ढीग एकमेकांवर पडले होते. दोन्ही काळे. जाडीला सारखे. तोंडं सारखी.

ती गेल्यावर मी दोन्ही हातांत दोन ढीग घेऊन उभी राहिले. जरा वेळ वाटलं, त्याला फोन करावा. मग वाटलं, काय सांगायचं? पन्नास मापं ध्यानात राहतात आणि दोन वायरी राहिल्या नाहीत म्हणून? हाताला जे वाटलं ते केलं. एक ढीग हिरवीत, एक लाल ठिपक्यांत. तो परत आला तेव्हा पिशव्या धुतल्याचंही बोलले नाही. त्यालाही दिसलं नाही. आईच्या काळजीत होता.

महिनाभर काही झालं नाही. मग गुरुजी आले.

हे गुरुजी सोनपेठच्या पुढच्या एका गावचे, रिटायर झालेले. ओट्यावर चढता चढता म्हणाले, "जयभीम, माय. मशीनवाले हायत का?" एसटीनं आले होते आणि कॉम्प्युटर चादरीत बांधून मांडीवर घेऊन आले होते. लेकरू आणावं तसा.

त्या मशीनमध्ये काय आहे ते त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. त्यांच्या भागातल्या लोकांना जातीचा दाखला काढायचा तर आज्या-पणज्याचा जुना पुरावा लागतो. जुने पुरावे शाळेच्या फाटक्या रजिस्टरात, नाहीतर निजामाच्या वेळच्या उर्दू कागदांत. गुरुजी बारा वर्षं गावोगाव फिरले. बौद्ध वस्त्यांत आधी, मग जो बोलवेल त्याच्याकडं. कागदाचा फोटो काढायचा, एका म्हाताऱ्या मौलवीसाहेबांकडं नेऊन वाचून घ्यायचा, घरी येऊन दोन बोटांनी मराठीत टाइप करायचा. कुणाचा आजा कोण, कोणत्या गावचा, रजिस्टरात काय लिहिलंय. कितीतरी घरांच्या पोरापोरींचं शिक्षण त्यावर अडलेलं असायचं, ते सुटायचं. मूळ कागदांतले बरेच कागद आता पावसात गेले, काही वाळवीनं खाल्ले. पेनड्राइव्हवर एक प्रत होती, ती खराब झाली होती.

"मशीन लय हळू चालायलंय," गुरुजी म्हणाले. "नवीन बांधून द्या. पण डिस्क हीच ठिवा. नव्या मशीनमंदी बसवा, मंग दुसरी प्रत बी करून द्या."

"आधी नवं मशीन उभं करू," हा म्हणाला. "मंग डिस्क जोडू, लगेच प्रत काढू. आजपातुर एक बी मशीन माझ्या हातनं जळालं न्हाई, गुरुजी."

दुसऱ्या खेपेला गुरुजी आले तेव्हा नवीन मशीन तयार होतं. स्टुलावर बसून बघत होते. मी ब्लाऊजला हुक लावत होते. यानं गजाला हात लावला. हिरव्या चिंधीचा डबा आधीच आत बसवलेला होता. हिरवी पिशवी काढली, कापडाला कापड लावून बघितलं, आतून डिस्कची वायर काढली. एक टोक डब्यात, एक टोक डिस्कमध्ये. बटण दाबलं.

पुसकन आवाज आला. फार मोठा नाही, दिवाळीची ओली टिकली उडावी तेवढा. मग वास.

त्यानं बटण बंद केलं. डिस्कवर वाकून वास घेतला. मग गजापाशी गेला आणि गज धरून उभा राहिला. मशीनला हात लावायचा नसताना त्याला गज धरताना मी तेव्हाच बघितलं.

गुरुजींनी विचारलं, "सगळंच गेलं का?"

"माझ्या हातनं झालं, गुरुजी."

गुरुजींनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पिऊन झाल्यावर एवढंच म्हणाले, "मौलवीसाहेब आता न्हाईत." मग उठले. जाताना म्हणाले, "डिस्क असू द्या इथं. मी शुक्रवारी येतो न्यायला. घरात ठिवीन."

मी आत आले. चुलीवर भाकरी होती ती करपली. वास आल्यावर हिरवी पिशवी बघितली, तेव्हाच मला कळलं होतं. त्याला काहीच कळलं नव्हतं. आणि मी गप्प बसले. भीतीनं नाही. कुणाची भीती? घर माझं होतं. पण मी चुकते हे त्या घरात आजवर कुणाला माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं असं मला वाटत होतं. दुसरं कारण मी बनवून सांगणार नाही.

दोन दिवस तो नुसता बसून राहिला. आलेली मशीनं परत पाठवली. डिस्क चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती, तिच्याकडं बघायचासुद्धा नाही. मी चहा दिला तर तसाच गार व्हायचा. बुधवारी सकाळी त्यानं दारावरची पाटी काढली आणि भिंतीला उलटी टेकवून ठेवली.

मी दारात गेले. "पाटी कामून काढली?"

"खोली सोडतो मावशी, महिनाअखेरीला. गावी जातो."

"एक मशीन जळालं म्हून?"

"मशीनचं न्हाई. हाताचं हाय. कापडाला कापड लावून बघितलं मी. हिरवं ते हिरवं. तरी जळालं. म्हंजे कवातरी पिशवीत भरतानाच मी चुकलो, आन मला आठवत बी न्हाई. जोडाऱ्याला आठवंना म्हणल्यावर त्यानं घरी बसावं. उद्या कुणाचं काय जाळीन."

तो हे रडून बोलत नव्हता. हिशेब झाला आणि वही मिटली, तसं. मला त्याच्या उलट्या पाटीकडं बघवेना.

"पिशवी तू भरली न्हाईस," मी म्हणाले. "मी भरली."

त्यानं मान वर केली. "कवा?"

"महालक्ष्म्याच्या आधी. तू पिंगळीला हुतास. पिशव्या धुतल्या. वायरी ओळीनं मांडल्या हुत्या, दोन ढीग सरकले. अंदाजानं भरले."

"कोन्ते दोन?"

"हिरवी आन लाल ठिपक्याची."

मला वाटलं, आता तो बोलेल. बोलायला पाहिजे होतं. मी पदर खोचून उभी होते, काय बोलेल ते ऐकून घ्यायला. पण तो माझ्या अंगावरून खुंटीकडं गेला, लाल ठिपक्यांची पिशवी काढली, लाल चिंधीचा डबा काढला, मीटर काढला आणि जमिनीवरच बसला. काड्या लावून मोजत गेला. ओठ हलत होते. एकदा हिरवा डबा मोजला, एकदा लाल. मग मोठ्यानं म्हणाला, "पाचच्या दारात बारा घुसला."

"म्हंजे काय?"

"म्हंजे डबा फुटला नव्हता. मला वाटलं डबाच फुटला, काय काय आत गेलं असंल त्याचा नेम न्हाई. म्हून मी डिस्कला हात लावला न्हाई. पण नुसता बारा घुसला असंल तर दारावर राखणदार असतो मावशी. जास्तीचा करंट आला की तो सोता मरतो आन दार आडवं करून पडतो. घर आतनं शाबूत असू शकतं."

"मंग बघ की."

"आधी सांगितलं असतं तर परवाच बघितलं असतं."

"आता सांगितलं की," मी म्हणाले. तेवढं एकच त्यानं मला लावलं, आणि तेवढ्याचंही मी उत्तर दिलं. तशी मी आहे.

चादर सोडली. गजाला हात लावला. डिस्कच्या पाठीवरची सर्किटची हिरवी पट्टी त्यानं बारक्या पेचकसानं काढली आणि ओट्यावर उन्हात आणली. त्याला बारीक दिसायचं नाही, चष्म्यावर भिंग धरायचा. मला म्हणाला, आरसा आणा. मी माझा कुंकवाचा आरसा आणला. ऊन आरशात घेऊन त्या पट्टीवर पाडायचं, हलू द्यायचं नाही, हे माझं काम. जितका वेळ सांगेल तितका वेळ.

त्यानं मीटरच्या काड्या एका बारक्या काळ्या तुकड्याला लावल्या. ज्वारीच्या दाण्याहून लहान. मीटर ओरडलं.

"हा मेला," तो म्हणाला. "हाच राखणदार."

"त्याच्या जागी दुसरा घालायचा?"

"आत्ता न्हाई. आत्ता नुसता उचलायचा. आडवा पडलेला उचलला की दार उघडं. राखणीबिगर एक दिवस चालंल, तेवढ्यात प्रत काढायची."

त्यानं सोल्डरची डागायची इस्त्री तापवली, टोक टेकवलं, चिमट्यानं तो दाणा उचलला. माझा हात भरून आला होता पण मी आरसा हलू दिला नाही. वाटेनं जाणारी एक बाई म्हणाली, "काय करायलाव मावशी?" मी म्हणाले, "पुढं जा, उजेड अडवू नको."

मग आत. पट्टी परत बसवली. हिरवा डबा घेतला, वायर लाल पिशवीतून काढलेली, जी खरी हिरव्याची होती. तरी यानं कापड बघितलं नाही. भोक अन् भोक मीटरनं मोजलं. मग बटण.

आधी काहीच नाही. मग आतून फिरण्याचा आवाज आला. शिलाई मशीनचा पट्टा काढून नुसतं चाक फिरवलं की येतो ना, तसा. बारीक, सरळ. थोड्या वेळानं पडद्यावर गावांच्या नावांची ओळ लागली. मला मराठी वाचता येतं. एकेक गाव वाचत गेले. माझ्या माहेरचं गावही त्यात होतं.

त्यानं दोन प्रती काढल्या, दोन वेगळ्या डिस्कांवर. संध्याकाळपर्यंत मशीनपुढून उठला नाही. मी भाकरी आणून दिली ती एका हातानं खाल्ली, दुसरा हात डिस्कवर ठेवलेला, गरम होते का बघायला.

शुक्रवारी गुरुजी आले. डिस्क न्यायला पिशवी आणली होती. यानं त्यांना मशीनपुढं बसवलं आणि पडदा दाखवला. गुरुजी खालपर्यंत बघत गेले, परत वर आले, परत खाली गेले. मग चष्मा काढून पुसत बसले.

मी दारातून म्हणाले, "गुरुजी, तुमची डिस्क त्यानं जाळली न्हाई. मी जाळली हुती. त्याच्या पिशव्या मी उलट्यापालट्या केल्या आन सांगितलं न्हाई."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. "किती शिकलात, माय?"

"चौथी."

"मंग पाचवीचा धडा झाला समजा," म्हणाले, आणि चहा आहे का विचारलं.

पाटी परत लागली. मला वाटलं होतं, तो कधीतरी मनातलं बोलेल. आठ दिवसांनी काम करता करता म्हणाला, "मावशी, पिशव्यांना वास येत हुता का?"

"उंदराच्या लेंड्या हुत्या."

"मंग धुतल्या ते बराबर केलं."

एवढंच. पण त्यानंतर त्यानं पिशव्यांवर भरवसा ठेवला नाही. माझ्याकडून प्रत्येक वायरीच्या माहेरकडच्या टोकालाच रंगीत दोऱ्याची गुंडाळी करून घेतली, गाठ मारून, निघणार नाही अशी. आणि मीही एक वही आणली. बायकांची मापं तिच्यात लिहायला लागले. धाकटी जाऊ म्हणाली, डोकं चालंना का आता? मी म्हणाले, चालतं, पण तू बसायला जागा मागतेस.

आणि एक बदललं. नवीन गिऱ्हाईक आलं की तो म्हणायचा, "आजपातुर एकच मशीन जळालं. माझ्या हातनं." तसंच, पत्ता सांगावा तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आतून ओरडले, "खोटं बोलतोय, माझ्या हातनं जळालं." तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "म्हाताऱ्या हायत, मनावर घेऊ नका." मग हे रोजचंच झालं. तो म्हणायचा माझ्या हातनं, मी म्हणायची माझ्या हातनं, आणि गिऱ्हाईक दोघांकडं बघत उभं. मी एकदा त्याला बसवून विचारलं, का असं करतोस. तो म्हणाला, "बटण मी दाबलं ना. मोजल्याबिगर दाबलं. धुणाऱ्याचं काम धुवायचं, जोडाऱ्याचं काम मोजायचं."

आई अंथरुणाला खिळली तसा तो खोली सोडून पिंगळीला गेला. दोन वर्षं झाली. तिथंच स्टेशनच्या वाटेला थोडंफार काम करतो म्हणे. गज माझ्या खिडकीत आहे, हात लावलेल्या जागी अजून चकचकीत. खोली मी कुणाला दिली नाही. मिळालं नाही कुणी धड.

मागच्या महिन्यात एक माणूस दारात आला. त्याचं मशीन पिंगळीला द्यायचं होतं, चौकशी करायला आला होता.

"मावशी, ते तुमच्याकडंच हुते ना? भरवशाचे हायत का? सोताच सांगायलेत, एक मशीन जाळलं म्हून."

"त्यानं एक बी जाळलं न्हाई," मी म्हणाले. "ते मी जाळलं. बिनघोर दे त्याच्याकडं. आन त्याला सांग, मानवतच्या मावशीनं इचारलंय, अजून किती दिवस खोटं बोलणार हाईस."